डबा रिकामा यायचा

गेल्या २६ जूनला पणजीच्या आझाद मैदानावर आम्ही सतरा जण उभे होतो. सतरा म्हणजे मी स्वतः मोजले म्हणून सतरा, त्यातले दोघं तर पावसाची सर आली म्हणून आडोशाला शिरलेले, आमचे बोर्ड वाचले आणि थांबले ते शेवटपर्यंत थांबलेच, त्यांना धरून सतरा. व्हॉट्सॲप ग्रुपवर सव्वाशे जण आहेत. "नक्की येते", "सोबत आहोत", मुठी काय, अंगठे काय. पण जून महिना, कामाचा दिवस, त्यात सकाळपासून असा पाऊस की पाटोवरून मैदानापर्यंत येईतो माझी सलवार गुडघ्यापर्यंत भिजली, तर येणार कोण? मी तरी सव्वाशेमधली असते तर आले असते का, माहीत नाही.

विषय होता कोठडीतला छळ आणि खटला न चालवता माणसाला वर्षानुवर्षं आत ठेवणं. तारीख आम्ही निवडलेली नाही, युनोने निवडलीय. छळाविरुद्धचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे तो १९८७ च्या २६ जूनला लागू झाला, म्हणून हा दिवस. आणि आपल्याकडे योगायोग बघा, १९७५ मध्ये याच सकाळी लोकांनी रेडिओवर आणीबाणी ऐकली. गोव्यात तर त्याच्या बरोबर आठ दिवस आधी १८ जून होऊन गेलेला असतो, क्रांतिदिन, लोहिया मैदान, हार, भाषणं, सरकारी गाड्या. आठ दिवसांत सगळं वाळून जातं. म्हणजे जूनमध्ये वाळत काहीच नाही, पण हे वाळतं.

बोर्डांची एक वेगळीच गंमत झाली. कुठल्या भाषेत लिहायचं यावर दोन दिवस ग्रुपवर भांडण. मी मराठीत लिहिणार म्हणाले, एकाने कोकणी हवी म्हटलं, लगेच दुसरा, कोकणी ठीक पण कुठली लिपी, मग तिसऱ्याने इंग्लिश लिहा बाबांनो म्हणून वैतागून ग्रुप म्यूट केला. गोव्यात भाषेवरून वाद न होता एखादा कार्यक्रम पार पडला तर समजावं की त्याला कुणी आलंच नव्हतं. शेवटी ज्याने त्याने आपापलं लिहिलं. माझ्या बोर्डवर होतं "खटला भरा नाहीतर सोडा". मार्करने लिहिलं, वरून भाजीची पारदर्शक पिशवी चढवली आणि सेलोटेप मारली, तरी "भरा"चा "भ" पहिल्या अर्ध्या तासातच खाली ओघळला.

आमच्यातल्या एकाने केशरी रेनकोट घातलेला, मुद्दाम. ग्वांतानामोच्या कैद्यांचे ते केशरी कपडे, अमेरिकेत आणि लंडनमध्ये लोक ते घालून उभे राहतात, तर आपणही. कल्पना चांगली होती. पण पणजीत पावसाळ्यात केशरी रेनकोट घालून रस्त्याकडेला उभा असलेला माणूस म्हणजे लोकांना एकच वाटतं. एक स्कूटरवाला त्याच्यासमोर थांबला, हेल्मेटची काच वर केली आणि विचारलं, "केन्ना उकतो जातलो हो रस्तो?" म्हणजे हा रस्ता कधी उघडणार. स्मार्ट सिटीने शहर इतकी वर्षं खणून ठेवल्यावर दुसरं काय होणार. आमचा हा बिचारा म्हणाला, मी त्या खात्यातला नाही, मी कैदी आहे. स्कूटरवाला त्याच्याकडे बघत बघत गेला.

हसून झालं. पण ते केशरी कपडे कुठून आले हे ज्यांना नीट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण आमच्या सतरातल्याही तिघाचौघांना "ग्वांतानामो म्हणजे सिनेमातलं" एवढंच माहीत होतं. क्युबाच्या टोकाला अमेरिकेचा नाविक तळ आहे, १९०३ पासून भाड्याने घेतलेली जमीन. ११ जानेवारी २००२ ला तिथं पहिले वीस कैदी उतरवले, डोळ्यांवर काळे गॉगल, कानांवर झापडं, हातापायांत साखळ्या. पुढे पावणेआठशेच्या वर माणसं तिथून गेली आणि त्यातल्या बहुतेकांवर कधी आरोपच ठेवला नाही. क्युबाच का, तर जमीन अमेरिकेची नाही, मग अमेरिकेची कोर्टं तिथं पोचणार नाहीत असा हिशोब. हा हिशोब तिथल्याच सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये आणि मग २००८ मध्ये खोडला, म्हणाले या माणसांना कोर्टात दाद मागता येईल. ओबामांनी जानेवारी २००९ मध्ये वर्षभरात तुरुंग बंद करा असा आदेश काढला. जानेवारी २०२५ मध्येही पंधरा माणसं आत होती. त्यातला एक, अबू झुबैदा, २००२ च्या मार्चमध्ये पाकिस्तानात पकडलेला, त्याच्या तोंडावर फडकं टाकून वरून पाणी ओतायचे, बुडणाऱ्या माणसासारखा जीव जाईल जाईल असं वाटेपर्यंत, आणि हे एका ऑगस्ट महिन्यात ८३ वेळा केलं, सरकारी कागदांतच तशी नोंद आहे. त्याच्यावर आजतागायत आरोपपत्र नाही. ८३ हा आकडा मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मला पाण्याच्या आधी तो मोजणारा माणूस दिसतो. कुणीतरी तिथं कागद घेऊन बसलं असणार ना?

आता यावर सामान्य माणसाने करायचं काय? डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेतली पंचवीस माणसं क्युबाला गेली. त्यांच्या सरकारने अमेरिकनांच्या क्युबाला जाण्यावर बंदी घातलेली, तरी गेली, आणि सांतियागो शहरापासून त्या तळाच्या दिशेने चालत निघाली. आत सोडणार नाहीत हे ठाऊकच होतं. बाहेर तंबू ठोकून उपास करत बसली. त्यातून विटनेस अगेन्स्ट टॉर्चर हा गट झाला, मग दर जानेवारीत वॉशिंग्टनच्या थंडीत केशरी कपडे, डोक्यावर काळी खोळ, उपास. २००८ च्या ११ जानेवारीला त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना सुप्रीम कोर्टाच्या इमारतीपाशी अटक झाली आणि मे महिन्यात खटला उभा राहिला. आता ऐका. कोर्टाने नाव विचारलं की एकेकाने उठून स्वतःचं नाव न सांगता ग्वांतानामोतल्या एकेका कैद्याचं नाव सांगितलं. ज्याला स्वतःला कधी कोर्टात उभं केलं नव्हतं त्याच्या नावाने हे उभे राहिले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते, उठून पाणी प्यायले.

लंडनमध्ये एक कैदी होता, शाकर आमेर, म्हणजे घर लंडनमध्ये, बायकापोरं तिथं, आणि तो ग्वांतानामोत. २००७ मध्ये अमेरिकेनेच सांगितलं याला सोडायला हरकत नाही, आणि सोडला कधी, ऑक्टोबर २०१५. मधल्या काळात काही माणसं पार्लमेंटसमोर आठवड्याच्या आठवड्याला केशरी कपड्यांत येऊन उभी राहायची. किती असतील, कधी वीस, कधी दहा. आमच्या सतरावर हसणाऱ्यांना मी हेच सांगते.

तर अकराच्या सुमारास एक पोलीस आला. तरुण पोरगा, छत्री नाही, टोपीवर प्लास्टिक. परवानगीचं पत्र आम्ही आधीच दिलेलं होतं त्यामुळे त्या बाजूने काही कटकट नव्हती, पण त्याला रिपोर्ट लिहायचा होता.

"कोणाचो कार्यक्रम, मॅडम? मायनिंग काय कॅसिनो?"

मी म्हटलं, टॉर्चरच्या विरोधात आहे, आणि विनाखटला कैदेच्या.

त्याने एकदा मैदानाकडे पाहिलं, एकदा माझ्या ओघळलेल्या "भ"कडे. "हांगा खंय आसा टॉर्चर?"

वाकड्यात विचारत नव्हता तो, खरंच विचारत होता. आणि मला पटकन उत्तर सुचलं नाही. म्हणजे सुचलं, पण ते माझ्या आजीचं होतं, आणि रस्त्यावर उभं राहून पोलिसाला आजीची गोष्ट कशी सांगायची?

आमचं गाव पेडण्याकडचं, पलीकडे ओलांडलं की सावंतवाडी. आजोबा मराठी शाळा चालवायचे. शाळा म्हणजे आमच्याच घराची पडवी, वीसेक पोरं, पाट्या आणि मोडी जोडाक्षरं. १९५५ च्या १५ ऑगस्टला पत्रादेवीला गोळीबार झाला त्या दिवसांत हद्दीवरून सत्याग्रही आत यायचे, भिजलेले, पायात काटे मोडलेले. दोघं आमच्या पडवीत एक रात्र झोपले, पेज जेवले, पहाटे गेले. एवढंच. चौथ्या दिवशी पाखले, म्हणजे पोर्तुगीज, पोलीस आले आणि आजोबांना घेऊन गेले. कशासाठी, सांगितलं नाही. कुठे, तेही नाही. आजी तेव्हा एकवीस वर्षांची, माझे बाबा पोटात.

दुसऱ्या दिवसापासून आजी डबा घेऊन पोलीस ठाण्यावर जायला लागली. पितळेचा, झाकणाला कडी असलेला डबा, त्यात पेज आणि वर कैरीच्या लोणच्याची फोड. दारावरचा शिपाई डबा आत न्यायचा, ती बाहेर फणसाखाली बसायची, तासाभराने डबा रिकामा परत यायचा. बोलणं काही नाही. आजी सांगायची, "रिकामा आला की मी समजायचे, जेवले, म्हणजे आहेत." एकदा डब्यात लोणच्याची फोड तशीच राहिलेली आली तर ही रात्रभर झोपली नाही, दात पाडले असतील का म्हणून.

असे अकरा दिवस. बाराव्या दिवशी गावातल्या एका रेंदेराने, म्हणजे माडाची सूर काढणाऱ्याने, जो पणजीला जाऊन आला होता, सांगितलं की गुरुजींना पहिल्याच रात्री ट्रकमध्ये घालून पणजीच्या क्वार्तेलात, पोलिसांच्या मुख्य ठाण्यात, नेलंय. अकरा दिवस पेज शिपाई खात होता.

आजोबा तीन महिन्यांनी आले. आरोप नाही, खटला नाही, कागद नाही, जसे नेले तसे सोडले. म्हणजे जसे नेले तसे नव्हते. पाल्मातोरी म्हणून एक लाकडी पळी असायची, पुढचा भाग गोल आणि त्याला भोकं, ती तळव्यांवर मारायचे. आजोबांनी त्यानंतर खडू धरला पण पोरांच्या पाटीवर बोट ठेवून अक्षर गिरवून घ्यायचं बंद केलं, ते काम आजी करायची. त्यांनी तोंडाने कधीच काही सांगितलं नाही. आजीने सांगितलं आणि तीही छळाचं कमीच सांगायची, सांगायची ते सगळं डब्याचं. लहानपणी मला वाटायचं ही भलतंच काय धरून बसलीय. तळवे आजोबांचे फोडले आणि ही पेजेचं रडते.

आता कळतं. शिक्षा झाली की तारीख असते, पाच वर्षं तर पाच वर्षं, घरची माणसं कॅलेंडरवर खुणा करतात. इथं तारीखच नाही, आणि जागाही नाही. मग माणूस रिकाम्या डब्यावरून हिशोब लावत बसतो. १९८६ मध्ये पश्चिम बंगालच्या डी. के. बसूंनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिलं, साधं पत्र, कोर्टाने तेच याचिका म्हणून घेतलं आणि डिसेंबर १९९६ मध्ये निकाल दिला, त्यात अटकेचे नियम घालून दिले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव हवं, अटकेचा कागद साक्षीदारासमोर करायचा, दर ४८ तासांनी डॉक्टरची तपासणी, आणि घरच्या माणसाला कळवायचं, अमुक ठिकाणी ठेवलंय म्हणून. हे मी वाचत होते आणि "ठिकाण कळवावे" इथं आल्यावर मला तो फणस दिसला.

नियम आहेत हो. पण छळाविरुद्धच्या करारावर भारताने ऑक्टोबर १९९७ मध्ये सही केली आणि मंजुरी काही अजून दिली नाही. २०१० मध्ये विधेयक लोकसभेत पास झालं आणि पुढे बारगळलं. २०१७ मध्ये विधी आयोगाने परत मसुदा करून दिला, तोही कपाटात. आणि विनाखटल्याचं म्हणाल तर आपल्या तुरुंगांत चारातले तीन जण कच्चे कैदी असतात, ज्यांचा निकाल लागलेलाच नाही. दहशतवादविरोधी कायदा, यूएपीए, लावला तर आरोपपत्र द्यायलाच १८० दिवसांपर्यंत मुदत मिळते, जामीन तर विसराच. फादर स्टॅन स्वामी आठवतात, झारखंडमध्ये आदिवासींसाठी काम करणारे? ८३ वर्षांचे होते, ऑक्टोबर २०२० मध्ये रांचीहून उचलले, तळोजाच्या तुरुंगात ठेवले. पार्किन्सनमुळे हात थरथरायचे, पेला धरता येईना, तर स्ट्रॉ आणि सिपरसाठी कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला गेले, जामिनाचा अर्ज सुनावणीत असताना. खटला सुरूही झाला नव्हता. त्यांचं म्हणणं तुम्हाला पटो न पटो, माझं स्वतःचंही कुणाशी सगळं पटत नाही, पण स्ट्रॉ? आमच्या आजीचा निदान डबा तरी घ्यायचे.

काही जणांना हे असं एकत्र बांधलेलं आवडत नाही. आमच्याच ग्रुपवर एक काका म्हणाले, पोर्तुगीज परके होते, ते वेगळं, आपलं सरकार वेगळं, आणि अमेरिकेचं आपल्याला काय पडलंय. काकांना मी एवढंच विचारलं की १८ जूनला लोहियांना हार कोण घालतं? कारण लोहिया १९४६ मध्ये गोव्यात आले ते क्रांती करायला आलेच नव्हते. ब्रिटिशांनी त्यांना लाहोरच्या किल्ल्यात ठेवलेलं, खटला नाही, दिवसचे दिवस झोपू द्यायचे नाहीत. एप्रिलमध्ये सुटले, तब्येतीचा पार चुथडा, म्हणून दोस्त डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्याकडे असोळण्याला विश्रांतीसाठी आले. विनाखटला छळ सोसून आलेला माणूस समुद्रावर बरा व्हायला आला, आणि बघतो तर इथं सभा घ्यायलाही बंदी. १८ जूनची मडगावची ती सभा त्यातून झाली. त्याच सप्टेंबरमध्ये परत आले तर पोर्तुगीजांनी आग्वादच्या किल्ल्यातल्या तुरुंगात कोंडले. आता तिथं म्युझियम आहे, पोरंपोरी कोठडीच्या गजांमागून सेल्फी काढतात. काढू देत, जागा उजेडात तरी आलीय.

आणि "परके होते" यावरून आठवलं. कासिमिरो मोंतेरो म्हणून एक पोलीस एजंट होता, गोव्यात त्याच्या नावाने माणसं घाम पुसायची, आजी तर नावच घ्यायची नाही, "तो" म्हणायची. पुढे तो पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या गुप्त पोलिसांत गेला आणि १९६५ मध्ये जनरल उंबेर्तु देल्गादु यांचा खून झाला त्यात त्याचा हात होता. देल्गादु कोण, तर पोर्तुगीजच, सालाझारच्या विरोधात उभा राहिलेला. गोवेकरांवर सैल सोडलेला हात दहा वर्षांत त्यांच्याच जनरलवर पडला. काकांनी यावर "अभ्यास चांगला आहे" असं लिहिलं आणि गुड नाईट.

उभं राहून होतं काय, हा प्रश्न मात्र मलाही पडतो, विशेषतः चपलेत पाणी शिरल्यावर. तेव्हा मी मोहन रानड्यांना आठवते. सांगलीकडचे, इथं सावई-वेऱ्याला मराठी मास्तर, आमच्या आजोबांसारखेच, फक्त यांनी पुढे बंदूक उचलली. १९५५ मध्ये बेतीच्या चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. त्यांच्यावर खटला झाला होता, शिक्षा २६ वर्षांची, त्यामुळे ही केस तंतोतंत तशी नाही हे मान्य. पण पुढचं बघा. त्यांना पोर्तुगालला नेलं, लिस्बनजवळ काशियासच्या तुरुंगात. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मोकळा झाला, फटाके फुटले, आणि ज्याच्यासाठी पकडलं तेच संपलं तरी हा माणूस आतच. एक वर्ष, दोन वर्षं, सात वर्षं. इथं लोक नोकरीधंद्याला लागले, निवडणुका झाल्या, विलीनीकरणावरून मतदान झालं. त्या गडबडीत त्यांचं नाव कुणी धरून ठेवलं, तर सुधीर फडक्यांनी. हो, आपले बाबूजी, गीतरामायणवाले. समिती केली, पत्रं, भेटी, दारोदार. १९६८ मध्ये मद्रास राज्याचे, म्हणजे आताच्या तामिळनाडूचे, तेव्हाचे मुख्यमंत्री अण्णादुराई पोपना भेटले तेव्हा त्यांनी या मराठी मास्तरासाठी शब्द टाकला. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. एक गायक, एक द्रविड नेता आणि रोमचा पोप. यातलं नक्की कशामुळे दार उघडलं ते ठरवायच्या भानगडीत मी पडत नाही. सात वर्षं कुणीतरी ते नाव परत परत घेत होतं एवढं मला पुरतं.

परत त्या पोलिसाकडे येते, तो अजून उत्तराची वाट बघत उभा होता. मी म्हटलं, भाऊ, इथं आज नसेल, पण असला तरी तुम्हाला मला दिसेल अशा जागी नसतो ना तो. त्याने मान हलवली, पटलं की नाही कळलं नाही. वही काढली, रेनकोटच्या आत धरून लिहायला लागला. "लोक किती?" सतरा म्हटलं. त्याने "अंदाजे २५" लिहिलं. आमच्या बाजूने चूक करणारा पोलीस मी पहिल्यांदाच बघितला.

मग नावं. पाच-सहा जणांची तरी लागतात म्हणाला. मी माझं दिलं, केशरी रेनकोटवाल्याने त्याचं दिलं. आमच्यात एक निवृत्त मास्तर आहेत, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो, पंचाहत्तरीचे, अख्खा वेळ एक शब्द न बोलता छत्री मिटून उभे होते. त्या अमेरिकन कोर्टाची गोष्ट मीच त्यांना आदल्या आठवड्यात सांगितली होती, पण मला तेव्हा ती डोक्यातही नव्हती.

"नांव सांगात, सर."

"बाळा राया मापारी," सर म्हणाले. "अस्नोडा."

अस्नोड्याचा मापारी, १९५५ च्या फेब्रुवारीत पोर्तुगीज पोलिसांच्या कोठडीत मार खाऊन मेला, साथीदारांची नावं दिली नाहीत. मी सरांकडे बघितलं, ते समोर बघत होते.

पोराने लिहिलं. बाळा, राया, मापारी, नीट, सुटंसुटं. मग पेन थांबलं. "हें नांव हांवें खंय तरी आयकलां."

"आयकलां आसतलें," सर म्हणाले.

तो दोन सेकंद वहीकडे बघत राहिला. वरच्या पानावर पावसाचा एक मोठा थेंब पडला होता तो त्याने अंगठ्याने टिपला. खोडलं नाही काही.

"मोबायल नंबर?"